जपानमधलं शूकात्सु: पदवी हातात येण्याआधी नोकरी कशी ठरते, पायरीपायरीने

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास मला एक तरी फोन येतो. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईकडची, जपानमधल्या एखाद्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. "ताई, मार्चमध्ये डिग्री हातात येईल, मग एप्रिलपासून नोकरीच्या मागे लागतो." इतक्या भाबडेपणाने बोलतात, की पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. त्यांच्या वर्गातल्या जपानी मुलांच्या नोकऱ्या आदल्या उन्हाळ्यातच ठरलेल्या असतात. १ एप्रिलला ती मुलं काळा सूट चढवून कंपनीच्या स्वागत समारंभाला निघणार असतात.

आपल्याकडे "आधी शिक्षण पूर्ण होऊ दे, मग बघू" हा शहाणपणाचा सल्ला समजतात. जपानमध्ये हाच सल्ला सगळ्यात महाग पडतो. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं कॅम्पस प्लेसमेंट डोळ्यांपुढे आणा. फक्त ते एका कॉलेजाचं न धरता अख्ख्या देशाचं धरा, आणि धावपळ कॉलेजाच्या प्लेसमेंट सेलने करायच्या ऐवजी प्रत्येक पोराने आपापली करायची. याला जपानी लोक शूकात्सु म्हणतात.

कंपनी नेमकं काय बघते?

जपानी कंपनी नव्या पदवीधराला ठरावीक कामासाठी घेत नाही. दरवर्षी एक तुकडी घ्यायची, सगळ्यांना एकाच दिवशी रुजू करायचं, आपल्या पद्धतीने घडवायचं आणि मग कोणाला विक्रीला, कोणाला हिशेबाला, कोणाला कारखान्यावर पाठवायचं, असा रिवाज. कामगार धोरणाचे अभ्यासक हामागुची केइइचिरो यांनी याला 'सदस्यत्वाची' नोकरी असं नाव दिलं. आधी माणूस घरात घ्यायचा, काम नंतर वाटायचं. म्हणून तत्त्वज्ञानाचा पदवीधर बँकेत दिसतो, आणि इतिहास शिकलेली मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत. कला-वाणिज्य शाखांत मार्कांना कोणी फारसं विचारत नाही. विद्यापीठाच्या नावाला मात्र विचारतात. त्याला 'गाकुरेकी फिल्टर' म्हणतात आणि तो आहे असं कुठलीच कंपनी कबूल करत नाही.

या तुकडीत शिरायचं दार वर्षातून एकदाच नीट उघडतं. ते चुकलं तर काय होतं, हे जपानने एका पिढीच्या रूपात पाहिलंय. १९९०च्या सुरुवातीला तेजीचा फुगा फुटला आणि कंपन्यांनी भरती आवळली. साधारण १९९३ ते २००४ या काळात पदवी घेतलेल्यांना 'हिमयुगाची पिढी' म्हणतात. त्यातले कित्येक जण कंत्राटी आणि तात्पुरत्या कामांवर लागले, आणि पुढे तेजी आली तेव्हा कंपन्यांनी यांच्याकडे न बघता त्या वर्षीची ताजी तुकडी उचलली. आजच्या मुलांचे आईबाप त्याच पिढीतले. शूकात्सुची धास्ती घराघरात कुठून आली, ते यावरून कळावं.

सध्या हवा उलटी आहे. तरुण माणसं कमी, जागा जास्त. मार्च २०२४ मध्ये पदवी घेतलेल्या आणि नोकरी हवी असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ९८.१ टक्के जण १ एप्रिलला कामावर होते. पहिला पगार वर्षानुवर्षं दोन लाख येनांच्या आसपास रेंगाळत होता, तोही आता हलू लागलाय. युनिक्लोची मालक कंपनी फास्ट रिटेलिंगने मार्च २०२५ पासून तो ३ लाख ३० हजार केला. पण ९८.१ टक्क्यांचा आकडा वाचून निवांत व्हायचं कारण नाही. तो वेळापत्रक पाळलेल्यांचा आहे.

वेळापत्रक: कागदावरचं आणि खरं

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिल ते मार्च, पदवी चार वर्षांची. नियमाप्रमाणे कंपन्यांनी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, १ मार्चला, भरतीची माहिती खुली करायची. चौथ्या वर्षात १ जूनपासून मुलाखती घ्यायच्या आणि १ ऑक्टोबरला रीतसर नेमणूक ठरवायची. पूर्वी हे नियम कंपन्यांची संघटना केइदानरेन घालून देत असे. २०१८ साली तिने यातून अंग काढून घेतलं, तेव्हापासून सरकार तारखा सांगतं. मोडणाऱ्याला दंड नाही. त्यामुळे १ जून उजाडतो तेव्हा बऱ्याच जणांच्या खिशात तोंडी होकार असतो. परदेशी, सल्लागार आणि आयटी कंपन्या तर तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच माणसं गाठतात.

यासाठी जपानीत जुना शब्द आहे, आओतागाइ, म्हणजे भात हिरवं असतानाच शेत विकत घेणं. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. हे रोखायचे करार १९५३ पासून होत आलेत आणि मोडलेही जात आलेत.

माझा सल्ला: सरकारी तारखा भिंतीवर लावा आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या सहा महिने आधी करा. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आलात तर हिशेब आणखी आवळतो. एप्रिलमध्ये विद्यापीठात पाऊल टाकलंत की जूनमध्ये शूकात्सु सुरू. भाषा, खोली, सायकल, सगळं त्या दोन महिन्यांत मार्गी लावायचं.

पहिली पायरी: उन्हाळ्यातली इंटर्नशिप

तिसऱ्या वर्षाच्या जून-जुलैत उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज निघतात. इथे शब्दांचा घोळ आहे. एका दिवसाचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक वेळा कंपनीची ओळख, त्याला आता 'ओपन कंपनी' म्हणतात. मार्च २०२५ मध्ये पदवी घेतलेल्या तुकडीपासून नियम असा, की किमान पाच दिवसांचा आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष कामाचा असेल तरच त्याला इंटर्नशिप म्हणायचं. अशा इंटर्नशिपमध्ये तुमच्याबद्दल जे कळलं ते कंपनी पुढे भरतीसाठी वापरू शकते. तेव्हा एका दिवसाचे दहा कार्यक्रम गोळा करण्यापेक्षा पाच दिवसांचा एक मिळवा.

दुसरी पायरी: स्वतःची झाडाझडती

हिला जिको-बुन्सेकी म्हणतात. लहानपणापासून काय केलं, का केलं, कुठे हार मानली, असं सगळं वहीत उतरवायचं. मराठी मुलांना हा पोरखेळ वाटतो आणि ती पायरी गाळतात. पुढे मुलाखतीत तिथेच अडकतात, कारण जपानी मुलाखत म्हणजे एकाच उत्तरावर पाच वेळा "का?".

तिच्यातूनच निघतं ते गाकुचिका. 'विद्यार्थिदशेत कशावर मेहनत घेतली' या लांबलचक प्रश्नाचं हे लाडकं, आखूड रूप. जवळपास प्रत्येक अर्जात तो असतो आणि बक्षिसांची यादी हे त्याचं उत्तर नव्हे. पुण्याहून मास्टर्ससाठी आलेल्या एका मुलाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: ढोल-ताशा पथकात चार वर्षं होतो, त्यातून नेतृत्वगुण आणि संघभावना शिकलो. वाचून मी विचारलं, "पथकात तू नेमकं केलंस काय?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, की नवी पोरं पहिल्या पंधरवड्यात निम्मी गळायची, कंबर धरायची म्हणून. मग त्याने पहिला आठवडा ढोल कमरेला न बांधता जमिनीवर ठेवूनच हात बसवायला लावला. त्या वर्षी गळती कमी झाली.

"हेच लिही. आधी किती येत होते, किती उरत होते, हे कळायला कोणाकोणाला विचारलंस, वरच्या पोरांनी विरोध केला तेव्हा काय केलंस." दुसऱ्या खर्ड्यात नेतृत्व हा शब्दच नव्हता. तीन मुलाखतींत त्याला फक्त ढोलाबद्दल विचारलं.

तिसरी पायरी: नोंदणी आणि एंट्री शीट

रिकुनाबी आणि मायनाबी या दोन मोठ्या संकेतस्थळांवर नाव नोंदवायचं. शिवाय वन करिअरवर आधीच्या उमेदवारांचे अनुभव वाचता येतात, आणि ऑफरबॉक्ससारख्या ठिकाणी कंपन्याच विद्यार्थ्याला निरोप धाडतात. स्वतःची माहिती कुठे किती टाकता ते बघून टाका. २०१९ मध्ये रिकुनाबी चालवणाऱ्या कंपनीने, कोणता विद्यार्थी नोकरी नाकारण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढून तो कंपन्यांना विकल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला होता.

बायोडेटाला इथे रिरेकिशो म्हणतात. छापील नमुना असतो, फोटो ४ सेंटिमीटर उंच आणि ३ रुंद. हाताने लिहायचा असेल तर चूक झाकायला व्हाइटनर चालत नाही, एक अक्षर चुकलं की नवा कागद. कंपनीचा स्वतःचा अर्ज म्हणजे एंट्री शीट, आणि त्यात ठरलेले तीन प्रश्न: गाकुचिका, तुमचे गुण, आणि शिबो-दोकी, म्हणजे आमच्याकडेच का यायचंय. बहुतेक ठिकाणी उत्तराला चारशेच्या आसपास अक्षरांची मर्यादा. शिबो-दोकीत कंपनीची स्तुती करू नका. तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे का जात नाही, ते लिहा.

एक बारकी गोष्ट, पण चुकली की लगेच दिसते. 'आपली कंपनी' असं आदराने म्हणताना लिहिताना 'किशा' आणि बोलताना 'ओन्शा' वापरायचं. किशा शब्दाचा उच्चार पत्रकार आणि आगगाडी यांच्याशी जुळतो, म्हणून तोंडी तो टाळतात.

चौथी पायरी: वेब टेस्ट

एसपीआय आणि तामातेबाको या दोन परीक्षा सर्वांत जास्त भेटतात. गणितं म्हणाल तर नफा-तोटा, वेग-अंतर, संभाव्यता. चौथी-सातवीची स्कॉलरशिप दिलेल्याला घाम फुटू नये. पण घड्याळ फार पुढे धावतं, आणि भाषेचा भाग जपानी मुलांच्या पातळीचा असतो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी (सर्वांत वरची एन-१) झाली म्हणून तो जमेल असं समजू नका. जपानी पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात एसपीआयच्या सरावपुस्तकांचं अख्खं कपाट असतं. एकच घ्या आणि तीनदा सोडवा.

पाचवी पायरी: माजी विद्यार्थ्याची भेट

तुमच्या विद्यापीठातून त्या कंपनीत गेलेल्या माणसाला भेटून विचारपूस करणं म्हणजे ओबी-होमोन. विद्यापीठाच्या करिअर सेंटरमध्ये नावं मिळतात. प्रश्न लिहून न्या, त्याच दिवशी आभाराचा मेल करा. मुलींना एक सांगणं: भेट दिवसा ठेवा, कॉफीच्या दुकानात किंवा कंपनीच्या कचेरीत. नोकरी शोधणाऱ्या मुलींशी या भेटींत गैरवर्तन झाल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी लागली. "संध्याकाळी बसून बोलू" असं आलं तर सरळ नाही म्हणा, त्यामुळे नोकरी जात नाही.

सहावी पायरी: मुलाखत

आधी बहुधा गटचर्चा. पाच-सहा अनोळखी मुलं, एक विषय, अर्धा तास. आपल्याकडच्या गटचर्चेत मोठ्याने बोलणारा जिंकतो, इथे तो पडतो. वेळ सांभाळणारा, गप्प बसलेल्याला बोलतं करणारा पुढे जातो.

मग मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्या: आधी एचआरचा तरुण माणूस, मग विभागप्रमुख, शेवटी संचालक. २०२० पासून पहिल्या फेऱ्या बहुतेक ऑनलाइनच होतात, पण शेवटची समोरासमोर. माझ्या पहिल्या शेवटच्या फेरीत मी दारावर दोनदा टकटक केलं. नंतर वर्गातल्या मैत्रिणीने डोक्याला हात लावला. दोनदा टकटक संडास रिकामा आहे का बघायला करतात, मुलाखतीला तीनदा. आतून 'दोझो' आलं की दार उघडायचं, 'शित्सुरेइ शिमासु' म्हणायचं, दाराकडे वळून ते आवाज न करता लावायचं. खुर्चीपाशी उभं राहून विद्यापीठ आणि नाव सांगायचं, बसा म्हटल्यावरच बसायचं. बॅग खुर्चीला टेकवून जमिनीवर, आणि ती न कलंडता उभी राहिली पाहिजे. म्हणून शूकात्सुची काळी बॅगसुद्धा वेगळी मिळते. मी त्या दिवशी नापास झाले ते टकटकीमुळे नक्कीच नव्हे, पण आजही दार दिसलं की बोटं तीन मोजतात.

मुलींच्या काळ्या टाचांच्या बुटांचा जाच वेगळाच. २०१९ मध्ये इशिकावा युमी यांनी त्याविरुद्ध 'कुतू' चळवळ उभी केली. 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे यातना, शिवाय 'मी टू'चा प्रतिध्वनी. टाचा सक्तीच्या नाहीत, सपाट काळे बूट घालून मी पुढच्या सगळ्या मुलाखती दिल्या.

काय विचारू नये आणि निवडताना काय करू नये याची श्रममंत्रालयाची १४ मुद्द्यांची यादी आहे आणि ती मोठी बोलकी आहे. जन्मगाव, घरचे लोक काय करतात, घर कसं आहे, धर्म, राजकीय मत, इतकंच काय आवडतं पुस्तक आणि आदर्श व्यक्तीसुद्धा. कोण कुठल्या वस्तीतला हे काढून पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकु समाजातल्या उमेदवारांना डावललं जात असे, त्या लढ्यातून हे नियम आले. आडनाव ऐकून "मूळचे कुठले?" विचारणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचून ठेवावं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" येतंच. नाही म्हणू नका. पगार आणि सुट्ट्यांचा प्रश्नही इथे नको, तो होकारानंतर विचारा.

विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांना आणखी एक वाट आहे, विद्यापीठाच्या शिफारशीची. प्राध्यापकांमार्फत अर्ज जातो आणि फेऱ्या कमी होतात. पण होकार आल्यावर मागे फिरता येत नाही. कायद्याने नव्हे, तुमच्या मागून येणाऱ्या मुलांची वाट बंद होते म्हणून. तेव्हा नीट ठरवूनच नाव द्या.

नकार, होकार आणि १ ऑक्टोबर

नकाराच्या मेलचं शेवटचं वाक्य ठरलेलं: आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. म्हणून त्याला 'प्रार्थनेचा मेल' म्हणतात, आणि मुलं म्हणतात, "आज दोन ठिकाणी माझ्यासाठी प्रार्थना झाली." काही कंपन्या तेवढंही कळवत नाहीत. किती आले ते मोजा, पण कोणत्या फेरीत आले ते आधी बघा. अर्जातच अडकत असाल तर लिखाण बदला, पहिल्या मुलाखतीत अडकत असाल तर जपानी बोलण्याचा सराव करा, शेवटच्या फेरीत पडत असाल तर शिबो-दोकी पातळ आहे.

होकार आधी तोंडी येतो, त्याला नाइनाइतेइ म्हणतात. रीतसर नाइतेइ १ ऑक्टोबरला, बऱ्याच कंपन्यांत समारंभासह. ही नुसती चिठ्ठी नसते. १९७९ साली दाइ निप्पोन प्रिंटिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नाइतेइ दिली की नोकरीचा करार झाला, फक्त ठरावीक कारणांसाठी तो मोडायचा हक्क कंपनीकडे राहतो. 'उमेदवार जरा उदास वाटला' असल्या कारणाने तो मोडता येत नाही. विद्यार्थ्याला मात्र दोन आठवड्यांची सूचना देऊन मोकळं होता येतं.

तरी "आत्ताच्या आत्ता बाकीच्या कंपन्यांना फोन लावून नाही सांगा, मग होकार देतो" असा दबाव काही ठिकाणी येतो. त्याला ओवाहारा म्हणतात, शूकात्सु संपवायला लावणारा छळ. सह्या करायला दिलेलं हमीपत्र तुम्हाला कायद्याने बांधत नाही. नकार द्यायचा झाला तर आधी फोन, मग मेल, आणि ठरल्याबरोबर लगेच. एक टळलेला फोन दुसऱ्या कोणाची जागा अडवून बसतो.

या सगळ्यात पदवी विसरू नका. किमान १२४ क्रेडिट भरले नाहीत तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर नाइतेइ रद्द. शेवटच्या सहामाहीत एका विषयात राहिल्यामुळे नोकरी गमावलेली मुलं दरवर्षी असतात.

आपल्या मुलांसाठी: व्हिसाचं गणित

विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जायचं. बहुतेकांना लागतो तो 'तंत्रज्ञान, मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा' या लांब नावाचा. एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्यांचे अर्ज आदल्या डिसेंबरपासून घेतात, तेव्हाच द्या, मार्चमध्ये इमिग्रेशनच्या रांगा बघवत नाहीत. काम तुमच्या शिक्षणाशी जुळणारं आणि पगार जपानी माणसाइतका असावा लागतो. इथल्या विद्यापीठाची पदवी आणि एन-१ असेल तर २०१९ पासून आणखी एक व्हिसा आहे, ज्यात हॉटेल-दुकानासारखी जपानी बोलण्याची कामंही चालतात.

दार चुकलंच तर

काही जपानी मुलं मुद्दाम एक वर्ष मागे राहतात, म्हणजे 'ताजी' गणली जातात. पण एका वर्षाची फी भरायची आहे हे लक्षात ठेवा. पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतच्या उमेदवारांना नव्या तुकडीतच धरावं असं सरकारने २०१० मध्ये कंपन्यांना सांगितलं, त्यामुळे ती गरज थोडी कमी झालीय. शिवाय रुजू झालेल्या पदवीधरांपैकी साधारण एक तृतीयांश तीन वर्षांत नोकरी सोडतातच. कोणत्या विभागात टाकतील हे नशिबावर असल्यामुळे मुलं त्याला 'नेमणुकीची लॉटरी' म्हणतात. असे बाहेर पडलेले दाइनी-शिन्सोत्सु, म्हणजे दुसऱ्यांदा ताजे, आणि त्यांनाही चांगली मागणी आहे.

फेब्रुवारीत फोन करणाऱ्याला मी तीनच गोष्टी सांगते. उद्या सकाळी विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन शिफारसपत्र माग, कारण पदवीनंतर नोकरी शोधत राहायचा जो खास व्हिसा असतो तो त्या पत्राशिवाय मिळत नाही. तो सहा महिन्यांचा, एकदा वाढवून एक वर्षाचा. पदवीआधीपासून नोकरी शोधत होतास याचे पुरावे लागतात, म्हणून आजपासून प्रत्येक अर्जाची प्रत जपून ठेव. आणि तोक्योत असशील तर योत्सुयाला परदेशी लोकांसाठीचं सरकारी रोजगार केंद्र आहे, ओसाका, नागोया आणि फुकुओकातही आहेत, तिथे जा. पैसे लागत नाहीत. जाताना रेसिडेन्स कार्ड बरोबर घे, आणि तुझा स्वतःचा 'ढोलाचा' खर्डाही.